डायवरची झोप

‘भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्याच्या घरात एसटीचा ड्रायव्हर नसावा. माझ्या घरात होता. कोंड्याबद्दल ह्यांची कधी तक्रार नव्हती, ताटात पडेल ते खायचे. पण निजेला धोंडा दिला काय अन् कापसाची गादी दिली काय, सारखंच. डोळ्याला डोळा लागत नसे. आता आमच्या गल्लीतल्या सुना मला विचारतात, काकू, रात्री झोपच लागत नाही हो, काय करू? मी विचारते, नाही लागली तर काय होते? तर म्हणतात, डोळ्यांखाली काळं येते. बाप्पा! माझ्या नवऱ्याला झोप नाही लागली तर बसभर माणसं तलावात जाणार होती. तेव्हा मला कुणी काळ्या वर्तुळांचं कौतुक सांगू नये.

आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षं झाली असतील. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, अन् आम्ही लाखनीला हायवेला लागून एका खोलीत भाड्यानं राहत होतो. हे तेव्हा साध्या रस्त्यांवरच्या फेऱ्या करायचे. रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस होते. दुपारची फेरी, पोटात जेवण, वरून झिमझिम, अन् गाडी एका वळणावर वळलीच नाही. सरळ जाऊन बांधीत उतरली. बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा तुकडा; चारी बाजूंनी मातीचे धुरे अन् मधे गुडघाभर चिखल. त्या चिखलात चाकं रुतली अन् गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रोवणाऱ्या बाया त्याच बांधीत होत्या, पण दुसऱ्या टोकाला. आधी त्या घाबरल्या, मग हसल्या, मग आमचा रोवा बुडवला म्हणून त्यांनी ह्यांना यथेच्छ शिव्या दिल्या.

रस्ता निसरडा होता म्हणून सगळ्यांनी तेच कारण धरलं. हेही काही बोलले नाहीत. घरी आल्यावर चिखलाचे पाय धुता धुता मला एकटीला म्हणाले, “डोळा लागला होता माझा.”

त्या रात्रीपासून हे सुरू झालं. अंथरुणावर पडायचे, दहा मिनिटं जायची, श्वास जड व्हायचा, अन् मला वाटायचं, आता लागली. तेवढ्यात उजवा पाय ताडकन पुढे जायचा. ब्रेक मारायचा पाय! सगळं अंग दचकायचं, अन् हे उठून बसायचे, घामाघूम. माझ्या पोटरीवर त्या लाथेचे निळे डाग पडले होते. पहिल्या दिवशी मी हसले. म्हटलं, मी काय तुमची गाडी आहे का? ते हसले नाहीत. मग मीही हसायचं सोडलं.

ह्यात मेख काय होती, ते नीट सांगते. गाडीवर डोळा लागला म्हणून रात्री झोपायची भीती. रात्री झोप नाही म्हणून दिवसा गाडीवर पुन्हा पेंग. अन् पेंग आली की जीव आणखी घाबरणार, म्हणजे त्या रात्रीही झोप नाही. हे चक्र असं फिरत होतं, अन् ते कुठं जाऊन थांबणार हे मला दिसत होतं, ह्यांनाही दिसत होतं. रजा घ्या म्हटलं तर चिडायचे. साहेबाला सांगा म्हटलं तर आणखी चिडायचे. झोपेचा रोगी म्हटल्यावर स्टेअरिंग काढून घेतील अन् डेपोत गाड्या धुवायला लावतील, ही त्यांची भीती. ड्रायव्हरला गावात मान असतो, गाड्या धुणाऱ्याला कोण विचारते, असं त्यांचं म्हणणं.

मी सगळं खापर फोडलं हायवेवरच्या ट्रकांवर. कलकत्त्याकडचे ट्रक रात्रभर जायचे अन् आमच्या खोलीची कौलं थरथरायची. माणूस झोपेल कसा? म्हटलं, सानगडीला चला. सानगडीला ह्यांचं घर होतं, सासूबाई एकट्याच राहायच्या, मागं भाजीपाल्याची वाडी, पुढं ओटा, रात्र झाली की कुत्र्याशिवाय आवाज नाही. ह्यांनी बदली मागितली, ती मिळालीही, अन् आम्ही बिऱ्हाड उचललं. आता ह्यांची गाडी सकाळी साकोलीहून निघून सानगडीवरून लाखांदूरला जायची. पहाटे अंधारात सायकल काढून साकोली गाठायची, अन् ऊन वर आलं की ह्यांची बस आमच्याच गावातून जायची. मी बाळंतीण व्हायच्या बेतात होते. मुलगी झाली ती तिथंच.

पण झोप काही सानगडीला आली नाही. उलट झालं. ट्रकांचा आवाज होता तेव्हा सांगायला कारण तरी होतं. आता सगळं शांत, अन् त्या शांततेत ह्यांचा पाय ब्रेक मारायचा. अन् रस्ता पाहाल तर आगीतून फुफाट्यात. गाव सोडलं की लाखांदूरकडे तलावाची पाळ लागायची, अन् रस्ता त्या पाळीवरून. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल बांध्या. समोरून बैलबंडी आली तरी गाडीला जपून जावं लागे. तिथं डोळा लागला तर चिखल वाचवणार नव्हता.

मग गावभरचे वैद्य सुरू झाले. कुणी सांगितलं, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासा. घासली, वाटी काळी झाली, डोळे उघडेच. कुणी म्हणालं, उशाची दिशा बदला. खाट फिरवून फिरवून आम्ही चारी दिशा केल्या, आता वर-खालीच राहिली होती. कच्चा कांदा झाला, म्हशीचं दूध झालं, देवळातला अंगारा झाला. ज्याला त्याला इलाज ठाऊक, अन् ज्यानं त्यानं रात्री घोरत झोपायचं. मी एकीला म्हटलंसुद्धा, तुमचा नवरा झोपतो ना बाई, मग त्यालाच आमची गाडी द्या चालवायला. ती पुन्हा आमच्या ओट्यावर आली नाही.

लाखनीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. ह्यांनी एकही घेतली नाही. “गोळी खाऊन स्टेरिंगवर बसू का?” म्हणाले. सकाळपर्यंत गुंगी राहिली तर? ते खरंच होतं, मीही आग्रह केला नाही. पुडी तशीच कोनाड्यात पडून राहिली. इतका सांभाळून राहणारा माणूस. अन् तरी जे व्हायचं ते झालंच, कारण गोळीला माणूस घाबरतो, घरातल्या वस्तूला घाबरत नाही.

सासूबाईंबद्दल आधीच सांगते, बाई मनानं वाईट नव्हती. लेकावर जीव होता. नातीची घुटी त्याच करायच्या. आंघोळ झाली की सहाण घ्यायच्या, तिच्यावर दुधाचे थेंब टाकून मुरूडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ असं एकेक उगाळायच्या. जायफळाचा एकच वेढा, म्हणजे सहाणेवर एकदाच गोल फिरवायचं, की झालं. एवढ्याशानं पोरगी दुपारपर्यंत गाढ झोपायची. लेक रात्रभर तळमळतोय अन् नात घुटी घेऊन मजेत निजली आहे, हे त्या माउलीनं रोज पाहिलं. अन् तिच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. पोरीला महिन्याला एक वेढा वाढवायचा, ही घुटीची रीत. मग दुधाचा एक दातही नसलेल्या पोरीला एक वेढा लागतो, तर तिच्या बापाला किती लागतील?

थंडीचे दिवस होते, धान कापून झालं होतं. त्या रात्री हे उशिरा आले, दोन घास खाल्ले अन् दूध नको म्हणून आडवे झाले. रात्र नेहमीसारखीच गेली. पहाटे उठले, चुलीपाशी बसून आईच्या हातचं गूळ घातलेलं गरम दूध प्याले, तोंड वाकडं करून म्हणाले, कडू लागून राहिलं, अन् सायकल काढून गेले. मी पोरीला पाजत होते. मला वाटलं, गूळ जुना असेल.

ऊन ओट्यावर आलं. पोरीची आंघोळ झाली, अन् सासूबाई गाईचं करत होत्या म्हणून घुटीला मीच बसले. डबी उघडली तर जायफळ नाही. मागच्या बाजारात मी स्वतः दोन मोठी जायफळं आणली होती. सगळी डबी उलटी केली. मग सहाणेकडे लक्ष गेलं. ती धुतलेली होती, तरी मधला भाग तपकिरी झाला होता अन् वास असा, की नाक भरून आलं.

मी गोठ्याच्या दाराशी गेले. म्हटलं, “आत्याबाई, जायफळ कुठं आहे?”

त्या अगदी कौतुकानं म्हणाल्या, “त्याले दिलं. रातच्यालेच उगाळून ठेवलं होतं मी, पन तो प्यालाच नाई. एवढं उगाळेलं वाया कायले घालवाचं? सकारी दुधात दिलं. रातच्याले कामी येईल.”

“किती दिलं?”

“दोन्ही. लहान पोरीले एक वेढा लागते, तो तर बाप्या मानूस हाय.”

मी काय बोलले ते सगळं इथं लिहिता येत नाही. सासूला असं बोलणारी सून मी गावात पाहिली नव्हती, त्या दिवशी मीच झाले. माझ्या माहेरी, लाखांदूरला, माझ्या धाकट्या भावाला कुणीतरी घुटीत जायफळ जरा जास्त दिलं होतं. पोर दुसऱ्या दिवसापर्यंत डोळे उघडेना, अन् आई त्याला मांडीवर घेऊन गालावर चापट्या मारत बसली होती. ते पोर होतं, पाळण्यात होतं. हा माणूस दोन जायफळं पोटात घालून बस चालवत होता. अन् जायफळ लगेच चढत नाही, हेही मला माहेरीच कळलं होतं. ते पोटात बसून वाट पाहते अन् मग चढते. पहाटे पोटात गेलेलं ह्याच सुमारास चढणार होतं, अन् ह्याच सुमारास गाडी पाळीवर येणार होती.

पोरीला सासूबाईंच्या हातात कोंबलं. त्या म्हणत होत्या, पोरी, जायफळानं का होते, घरातलंच तर हाय. मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. केस ओले, डोक्यावर पदर नाही, अशी गावातून पळत स्टँडवर गेले. स्टँड म्हणजे एक कडुनिंब अन् एक चहाची टपरी. टपरीवाल्याला विचारलं, गाडी गेली का? म्हणाला, नाही, आज उशीर झाला.

उशीर झाला! एरवी गाडीला उशीर झाला तर माणूस जांभई देतो. मी पळत रस्त्याच्या कडेला गेले. उशीर का झाला? साकोलीपासून इथपर्यंतच्या रस्त्यात काय आहे, ते मी मनात पाहू लागले. नाला आहे. नाल्यावर पूल आहे, त्याला कठडा नाही. एक उतार आहे. टपरीवाला बाकावर बसा म्हणाला, मी बसले नाही. चार माणसं लाखांदूरला जायला उभी होती, कुणाच्या डोक्यावर वांग्याची पाटी, कुणाजवळ बकरी. त्यांना वाटलं, हिच्या माहेरी काही झालं. एकीनं पाठीवरून हात फिरवत विचारलं, कोन गेलं वो? मी म्हटलं, अजून कुणी नाही.

शेवटी धूळ दिसली. गाडी आली, पण कशी आली? एखादी गाभण म्हैस चालावी तशी, हळू, रस्त्याच्या मधोमध. ह्यांची गाडी इतकी हळू मी कधी पाहिली नव्हती. काचेतून दिसलं, कंडक्टर ह्यांच्या बाजूला उभा राहून हातवारे करत काहीतरी बोलत होता. ह्यांना जागं ठेवायला बोलत होता, हे मला तिथूनच कळलं. मी रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिले.

गाडी थांबली, पण मला वाटलं त्यापेक्षा फार जवळ येऊन. बॉनेटची धग अंगाला लागत होती. वर पाहिलं तर ह्यांचे डोळे लालबुंद. ओठ कोरडे पडलेले. माझ्याकडे असं पाहत होते, जणू मी कोण ते आठवायला वेळ लागतोय.

“बाजूले हो,” म्हणाले. “टाइम होऊन राहिला.”

“उतरा तुम्ही.”

“पॅसेंजर आहेत गाडीत.”

“म्हणूनच म्हणते, उतरा.”

गाडीत कुजबूज सुरू झाली. डायवरची बाई भांडून राहिली, कुणी मोठ्यानं म्हणालं. कुणी हसलं. कंडक्टर बिचारा खाली आला, हात जोडून म्हणाला, वहिनी, घरचं घरी पाहा, लोकायचा खोळंबा होते. मला त्या सगळ्यांचा असा राग आला! यांच्याच जिवासाठी मी भररस्त्यात नवऱ्याची शोभा करत होते, अन् हे दात काढत होते. मी गाडीच्या दारात चढले अन् आत तोंड करून सगळ्यांना सांगितलं, की माझ्या नवऱ्याला घरी चुकून झोपेचं औषध पाजलं आहे, तो आता झोपणार आहे, अन् पुढं तलावाची पाळ आहे. ज्याला जायचं असेल त्यानं खुशाल बसून राहावं.

सगळे एकदम उठले. पोरं, पिशव्या, गाठोडी, सगळं खाली उतरलं. हे वर बसूनच पाहत होते. गाडी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं, आपल्या बाजूचं दार उघडलं अन् खाली पाय ठेवला. पाय जमिनीवर टेकला अन् गुडघ्यातून वाकलाच. मी अन् कंडक्टरनं दोन बाजूंनी धरलं. कडुनिंबाखाली नेलं. टपरीवाल्यानं पाणी दिलं, ते घटाघटा प्याले. मला वाटलं, आता मला बोलणार. चार माणसांत नवऱ्याला गाडीवरून उतरवणारी बायको. पण त्यांनी फक्त मान वळवून गाडीकडे पाहिलं.

“सारे उतरले?” विचारलं.

“उतरले,” मी म्हटलं.

“कोनी राहिलं नाई आत?”

“कुणी नाही. गाडी उभी आहे.”

अन् ते झोपले. तिथंच, मातीत, माझ्या मांडीवर डोकं टाकून. पाय हलला नाही.

लोकांचं म्हणाल, तर पहिल्यांदा फार कटकट झाली. कुणाचा बाजार बुडत होता, कुणाची कचेरीत तारीख होती. एक धोतरवाले आजोबा तर मलाच झापत होते, की असं औषध देतेच कायले मानूस? कंडक्टरनं एका सायकलवाल्याला साकोलीकडे पिटाळलं, दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणून. तोवर कुठं जाणार? सगळे कडुनिंबाच्या सावलीत बसले. बसल्यावर माणसाची जीभ जरा थंड होते. कुणीतरी ह्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं असावं. गालफडं बसलेली, डोळ्यांभोवती खड्डे, तोंड उघडं. हळूहळू आवाज खाली आले. एक पोर रडायला लागलं तर त्याची आई त्याला घेऊन टपरीमागं गेली. ज्या आजोबांनी मला झापलं होतं, त्यांनीच आपल्या खांद्यावरचा पंचा काढून ह्यांच्या तोंडावर घातला, माशा बसत होत्या म्हणून. दुसरा ड्रायव्हर आला अन् सवयीनं हॉर्न वाजवायला हात नेला, तर चार माणसांनी त्याला खिडकीतून दटावलं. मला रडू येत होतं, पण मांडी हलेल म्हणून मी रडले नाही.

ह्यांना बंडीत घालून घरी आणलं. दिवस मावळला तरी उठले नाहीत. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. गाडी वाचवली, पण हा माणूस उठतो की नाही? गावात तेव्हा डॉक्टर नव्हता, एक कंपाउंडर होता. त्यानं नाडी पाहिली, फार जोरात चालली आहे म्हणाला, ओठांना पाणी लावत राहा, रात्र जाऊ द्या. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहत होते. सासूबाई रात्रभर लेकाच्या उशाशी बसून होत्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. पहाटे पहाटे त्यांनी स्वतःच तोंड उघडलं. म्हणाल्या, “माह्यासाठी तो लहानच हाय वो. म्हनून घुटीच देल्ली.”

मी उठून त्यांना चहा करून दिला. राग गेला नव्हता, पण चहा दिला.

हे उठले ते ऊन चांगलं वर आल्यावर. डोकं जड, तोंड कडू, दोन दिवस चालताना भिंत धरत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा गणवेश घालून डेपोत गेले अन् स्वतः साहेबांना सांगितलं, मला रात्री झोप लागत नाही, ती लागेपर्यंत मला गाडी देऊ नका. ज्या गोष्टीला इतके महिने भ्याले, ती स्वतःच्या तोंडानं मागून आले. त्यांना डेपोत टायरांचं काम दिलं. गाड्याही धुतल्या. गावात कुणी विचारलं तर हे सांगायचे, हो, धुतो. मान कमी झाला असेल तर मला तरी दिसला नाही. उलट त्या दिवशीचे पॅसेंजर रस्त्यात भेटले की विचारायचे, डायवर साहेब, झोप लागते का आता?

झोप एकदम लागली नाही. पण मला एक धागा सापडला होता. त्या कडुनिंबाखाली हे झोपले, ते मला जायफळानं झोपल्यासारखे वाटत नव्हते. दोन जायफळं पोटात असून हा माणूस साकोलीपासून डोळे ताणून आला होता! तो झोपला केव्हा? सगळे उतरल्याचं कळलं तेव्हा. बाकी दिवस तो घरी यायचा, पण गाडी काही डोक्यातून उतरत नव्हती. पॅसेंजर घेऊनच अंथरुणावर यायचा बिचारा.

म्हणून मी नेम केला. दिवस मावळल्यावर चहा बंद. त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची, ती होऊ दिली. जेवण झालं की दोघांनी वाडीत जरा फिरायचं. रोज एकाच वेळी दिवा मालवायचा. अन् दिवा मालवला की मी विचारायची, गाडी कुठं उभी केली? पहिल्या दिवशी म्हणाले, आता कोनती गाडी, मी तर टायर बदलतो. मी म्हटलं, ते मला सांगू नका, डोळ्यांपुढं येते ती गाडी कुठं उभी केली? मग हळूच सांगू लागले. स्टँडवर लावली. हँडब्रेक ओढला. पॅसेंजर उतरून राहिले. मी म्हणायची, सगळे उतरू द्या, घाई नाही. शेवटचा उतरला की सांगा. कधी शेवटचा उतरायच्या आत पाय ताडकन जायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. कधी मला स्वतःला इतका कंटाळा यायचा की वाटायचं, ढकलून द्यावं सगळ्यांना खाली. पण महिना-दीड महिन्यानं असं होऊ लागलं, की निम्मे उतरतात न उतरतात तोच ह्यांचा आवाज जड व्हायचा अन् थांबायचा. मी अंधारात कानोसा घेत पडून राहायची. रात्रभर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून असायची, पाय उडतो का पाहायला. उडेनासा झाला, तरी मी हात काढला नाही.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत, उन्हाळा लागता लागता, ह्यांना पुन्हा स्टेअरिंग मिळालं. तीच गाडी, तोच रस्ता. घरून निघताना हे नेहमीसारखे गेले, पण मला घरात चैन पडेना. आईला नात दाखवायला जाते असं सासूबाईंना सांगितलं, पोरीला घेतलं अन् स्टँडवर जाऊन उभी राहिले. त्यांनी वाटेत खायला पोळी बांधून दिली. त्यांनाही ठाऊक होतं मी कशाला जातेय.

गाडी वेळेवर आली. मी चढले अन् अगदी समोरची सीट धरली, जिथून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात ह्यांचे डोळे दिसतात. हे आरशातूनच मला पाहून म्हणाले, कुठं निघाली? मी म्हटलं, माहेरी. त्यांनी गाडी पुढं काढली. माझं मनात ठरलेलं होतं. डोळ्यांवरून नजर काढायची नाही. पापणी मिटलेली राहिली की ओरडायचं, सगळी गाडी दणाणली पाहिजे असं. पोरगी मांडीवर होती, तिच्याकडेसुद्धा मी पाहत नव्हते.

पाळ आली. समोरून एक बंडी येत होती. ह्यांनी गाडी हळू केली, कडेला घेतली, बंडीवाल्याला जाऊ दिलं, त्यानं हात वर केला, ह्यांनी हात वर केला. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली नुसतं पाणी दिसत होतं. आरशातले डोळे रस्त्यावर होते, साधे, स्वच्छ. पाळ संपली. पुढं सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या अन् ऊन. खिडकीतून वारा येत होता. तिथपर्यंतचं मला आठवते.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. इंजिन बंद. आत चिटपाखरू नाही. अन् माझी मांडी रिकामी! मी अशी उठले, की डोकं वरच्या दांडीवर आपटलं. कशीबशी दारापर्यंत आले अन् खाली पाहिलं.

लाखांदूरचा स्टँड होता. टीनाच्या सावलीत कंडक्टर चहा पीत होता, अन् हे पोरीला खांद्यावर टाकून येरझारा घालत होते.

मला पाहिलं अन् जवळ आले. मी भांडायच्या तयारीत होते. म्हटलं, मला उठवलं का नाही? लेकरू असं मांडीवरून उचलून नेते का कुणी, जीव गेला असता ना माझा. सारे पॅसेंजर केव्हा उतरले अन् मी एकटी गाडीत पडलेली, लोक काय म्हणाले असतील?

“कंडक्टर उठवून राहिला होता,” हे म्हणाले. “मीच नको म्हटलं. वर्षभरात तुले अशी झोपलेली पाह्यलीच नाई मी.”

कंडक्टरनं मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. मी पायरीवरून उतरले, पोरीला घ्यायला हात पुढे केले, अन् तिथंच स्टँडवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मला रडू फुटलं.